थोरलीचा डावा खांदा

आमच्या दुकानात इस्त्रीला जी बाई आहे, ती आधी देश होती. हे ऐकून नवीन गिऱ्हाइकं हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. ज्यांनी तिला शाळेतल्या फळ्याच्या वरच्या तसबिरीत, टपालाच्या तिकिटावर किंवा पोलिसांच्या बिल्ल्यावर पाहिलंय, त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. चित्रात तिचं नाक सरळ होतं. प्रत्यक्षात ते जरा कलतं आहे आणि त्यावर चष्मा नीट बसत नाही.

प्रत्येक देशाची एक बाई असते. देश चालू असेपर्यंत ती मोठ्या इमारतीत राहते, समारंभाला सज्जात उभी राहते, आणि देशात कुठे काही बरंवाईट झालं की तिच्या अंगात कुठेतरी कळ येते. एवढं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. देश मोडल्यावर तिचं काय होतं, हे पुस्तकात नव्हतं. तसा धडा कोण लिहिणार?

आमचा देश मोडला तो फारशी मारामारी न होता. मोठी माणसं एका टेबलाभोवती बसली, सह्या झाल्या, आणि नदीच्या अलीकडे एक व पलीकडे एक असे दोन देश झाले. दोघांना आपापली नवी बाईही मिळाली. दोघी विशीतल्या, तरतरीत, ताठ मानेच्या. आजा मेला, नातू झाला, घरची माणसं तेवढीच, असं लोक म्हणाले. पण इथे आजा मेलाच नव्हता. आमची जुनी बाई एक बॅग आणि एक छत्री घेऊन मोठ्या इमारतीबाहेर उभी होती. अलीकडचे म्हणाले पेन्शन पलीकडचे देतील, पलीकडचे म्हणाले अलीकडचे देतील. थोडक्यात, ना इकडची ना तिकडची.

ती आमच्याकडे आली ती दारावरची पाटी वाचून. पाटी सासूबाईंनी लावली होती: इस्त्रीला बाई पाहिजे, वर खोली मिळेल. दुकान सासूबाईंचं. कपडे दुरुस्ती, उंची कमी-जास्त करणं, इस्त्री. मी मशीनवर बसते. तेव्हा आमच्याकडे कामाचा नुसता पूर आला होता, कारण देश बदलला की गणवेश बदलतात, आणि गणवेश बदलायला पैसे नसले की बिल्ले बदलतात. पोलीस, टपालवाले, बसवाले, अग्निशमनवाले, सगळ्यांचे सदरे गठ्ठ्यांनी यायचे. जुना बिल्ला उसवायचा, नवा लावायचा, इस्त्री करून द्यायचं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी आमची गत.

"काम जमेल का?" सासूबाईंनी विचारलं.

"शिकव, जमेल," ती म्हणाली.

सासूबाईंचा पारा तिथेच चढला. पहिल्याच भेटीत 'शिकव'? पण तिची ती सवय होती. ती सगळ्यांनाच अगंतुगं, अरेतुरे करायची. इन्स्पेक्टरला, डॉक्टरला, घरमालकाला, सगळ्यांना. त्यात उद्धटपणा नव्हता. आपल्या पोटातल्या माणसांना कोण अहोजाहो करतं? सासूबाईंना हे कळायला आठ दिवस लागले. त्यानंतर त्याही तिला 'अगं थोरले' म्हणायला लागल्या. मग गल्लीच तिला थोरली म्हणायला लागली. मी मात्र तुम्हीच म्हणत राहिले. ज्या चित्रासमोर लहानपणी हात जोडून उभी राहिले, तिला एकदम अगं म्हणायला माझी जीभ वळेना.

इस्त्री तिला बेताचीच जमायची, पण उसवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. बिल्ल्यावर तिचंच तोंड असायचं. ती चष्मा सावरत ब्लेडच्या टोकानं एकेक टाका सोडवायची आणि धागा न ओढता अलगद काढून घ्यायची. कापडावर भोकसुद्धा राहायचं नाही. स्वतःचं तोंड असं दिवसभर उसवत बसायला कसं वाटतं, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "शिवणाऱ्यानं नाक फारच सरळ शिवलंय." सासूबाई आतून म्हणाल्या, "टेबलाभोवती बसलेल्यांनी असं उसवलं असतं तर एवढी भोकं पडली नसती." ती हसली. तिचं हसणं मोठं होतं, मैदानात ऐकू जाईल इतकं. खोलीत ते मावायचं नाही.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. शेजारच्या न्हाव्यानं एकदा गंमत म्हणून जुन्या राष्ट्रगीताची चाल शिट्टीवर वाजवली. ही इस्त्री हातात धरून ताठ उभी राहिली, ती पार शेवटच्या ओळीपर्यंत. खाली टपालवाल्याची पँट होती. इस्त्रीचा आकार त्यावर उमटला. सासूबाईंनी न्हाव्याची जी काय हजामत केली, तशी त्यानं जन्मात कुणाची केली नसेल. पँट त्यालाच भरून द्यावी लागली.

खरी गोष्ट सुरू झाली ती एका दुपारी, चहाच्या वेळी. माझी नणंद नदीपलीकडे खाणीच्या गावात दिलेली. फाळणी झाली तेव्हा तिचं बाळ मांडीवर होतं. माझा नवरा बस चालवतो. पूर्वी त्याची बस पूल ओलांडून त्याच गावापर्यंत जायची, आता पुलाच्या तोंडाशी वळते. पूल बंद, इकडून तिकडे फोन लागत नाही, पत्रं गेली तर गेली. सासूबाई रोज चहाच्या वेळी लेकीची आठवण काढून डोळे पुसायच्या. त्या दिवशी थोरलीनं विचारलं, "कुठल्या गावात असते ती?"

"खाणीच्या."

"खाणीचं गाव माझ्या डाव्या खांद्यात आहे," थोरली अगदी सहज म्हणाली, आपण मावशीचं घर बाजारामागे आहे म्हणतो तसं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "मग आत्ता कसं आहे तिथे?"

थोरलीनं खांदा थोडा हलवून पाहिला. "शांत आहे. किंचित जड आहे. पाऊस असेल."

त्या दिवसापासून सासूबाईंना दुसरी लेकच सापडली म्हणा ना. सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या कोमट तेल घेऊन वर जायच्या आणि थोरलीचा डावा खांदा चोळायच्या. चोळताना बोलायच्या ते खांद्याशी. "बाळाला गरम कपडे घाल गं. सासूशी उगाच वाद घालू नकोस." थोरली मान खाली घालून बसायची. जड इस्त्री डाव्या हातानं उचलायला बंदी झाली. थंडी आली तशी सासूबाईंनी लोकरीची शाल आणली आणि घडी घालून डाव्याच खांद्यावर ठेवली. मी म्हटलं, "आई, उजव्या खांद्याला थंडी वाजत नाही का?"

"तो कुणाच्या तरी जावयाचा असेल. त्यांनी बघावं."

मला हसू येई आणि वाईटही वाटे. माझा मुळात या सगळ्यावर विश्वास नव्हता. त्या वयात कुणाचं काय दुखत नाही? एकदा तिचा गुडघा दुखला आणि चार दिवसांनी बंदरावर आग लागल्याचं पेपरात आलं, तेव्हा गल्लीत केवढा गवगवा झाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच मला वाटलं. पण लोकांना पटलं. न्हावी भावासाठी घोट्याची चौकशी करायला यायचा. पाववाली आईसाठी कंबर कशी आहे विचारायची. थोरली कुणाला नाही म्हणायची नाही. डोळे मिटून, त्या त्या जागी हात ठेवून सांगायची. "बरं आहे." "जरा चमक आहे, पण काळजीचं नाही." माणसं हलकी होऊन जायची. तुम्ही कशा आहात, असं तिला मी धरून कुणीही विचारलं नाही. तसं काही विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

मला पहिली शंका आली ती धाकटी आली तेव्हा. धाकटी म्हणजे अलीकडची, आमची नवी. समारंभाच्या कोटाची बाही लांब झाली होती म्हणून दोन अधिकाऱ्यांबरोबर ती दुकानात आली. कोवळी पोर, अंगठीसुद्धा सैल होणारी. थोरली तिच्यासमोर गुडघ्यावर बसून बाहीला टाचण्या लावत होती. धाकटीनं वाकून हळूच विचारलं, "हल्ली माझा गुडघा फार दुखतो. तुमचाही दुखायचा का?"

"बंदर आहे ते," थोरली म्हणाली. "शेकत जा."

धाकटी गेल्यावर मी विचार करत बसले. गुडघा तिचा दुखतो, तर बंदर आता तिच्याकडे गेलं. मग थोरलीच्या गुडघ्यात काय उरलं? पण हा विचार मी कुणाला बोलून दाखवला नाही. सासूबाई वर तेल घेऊन जात होत्या, आणि त्यांचा चेहरा सकाळी सकाळी फार बरा असायचा.

मग तो दिवस आला. अग्निशमनवाल्यांच्या सदऱ्यांचा शेवटचा गठ्ठा होता. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाइकं. थोरली उसवता उसवता थांबली, ब्लेड खाली ठेवलं आणि उजव्या हातानं डावा खांदा घट्ट धरला. तिच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते.

"खाणीच्या गावात काहीतरी झालंय," ती म्हणाली. "मोठं."

सासूबाईंनी अशी किंकाळी फोडली की शेजारून न्हावी वस्तरा घेऊनच धावत आला. मग पाववाली आली, मग आख्खी गल्ली. माझा नवरा जेवायला घरी आला होता. सासूबाईंनी त्याला हात धुवायलाही वेळ दिला नाही. "पुलावर जा! काय झालं ते कळल्याशिवाय तोंड दाखवू नकोस!" तो बिचारा बस घेऊन सुटला.

इकडे थोरलीभोवती कोंडाळं. "नेमकं कुठे?" न्हाव्यानं विचारलं.

"खांद्यापासून खाली... कोपराकडे उतरतंय."

"कोपर म्हणजे नदीकाठ!" कुणीतरी म्हणालं. "पाणी शिरलं असेल."

"आता जबड्यात येतंय."

"जबड्यात काय आहे?"

"रेल्वेचं जंक्शन," थोरली कष्टानं म्हणाली. ती लोकांना नीट सांगता यावं म्हणून धडपडत होती. श्वास पुरत नव्हता, तरी थांबून थांबून गावांची नावं घेत होती. आणि ते सगळे तिच्या तोंडाकडे बातम्या ऐकायला बसावं तसे बघत होते.

माझे वडील असेच गेले होते. घाम, डावा हात, जबडा. घरच्यांनी अपचन म्हणून सोडा पाजला होता. मी मशीनवरून उठले आणि म्हणाले, "व्हा बाजूला. हिला दवाखान्यात न्यायचंय."

"काही नको!" सासूबाई माझ्या आणि तिच्या मध्ये उभ्या राहिल्या. "दवाखान्यात गोळी देतील, सुई देतील. दुखणं थांबलं तर माझ्या पोरीचं कळणार कसं?"

"आई, ते हिचं दुखणं आहे."

"हिचं कसलं? हिचं काय असतं?"

मला सासूबाईंचा इतका राग आला की हातातली कात्री मी टेबलावर आपटली. पण त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि राग कुठे ठेवावा कळेना. वर्षभर त्यांना लेकीचा एक शब्द आला नव्हता. त्यांच्याजवळ तेवढा एक खांदा होता.

मी थोरलीसमोर वाकले. "चला. उठवतं का?"

तिनं मान हलवली. "थांब जरा. मला ऐकू दे. त्यांना सांगायला हवं ना."

"अहो, तुम्ही मराल!"

"मी?" ती म्हणाली. अगदी खरं आश्चर्य होतं त्यात. आपण मरू शकतो हे तिला त्या क्षणापर्यंत कुणी सांगितलंच नसावं.

पुढचं मी कुणाला विचारलं नाही. न्हाव्याला ओरडून सांगितलं, "वस्तरा ठेव आणि हिला उचल." पँट भरून दिल्यापासून तो आमच्या दुकानाच्या धाकात होता. गठ्ठे न्यायची ढकलगाडी दारात होती. सदऱ्यांवरच तिला आडवं केलं आणि दवाखान्यापर्यंत ढकलत नेलं. सासूबाई मागून धावत होत्या आणि रडत होत्या. कुणासाठी ते त्यांनाही ठाऊक नसेल.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं ओळखलं नाही. वय विचारलं, मी म्हटलं साठ लिहा. पट्ट्या लावल्या, कागद बाहेर आला, धावपळ सुरू झाली. आत नेण्याआधी डॉक्टरणीनं थोरलीला विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"आठवडा झाला," थोरली म्हणाली. "थोडं थोडं. मला वाटलं खाणीत संप असेल."

डॉक्टरणीनं माझ्याकडे पाहिलं. 

हृदयविकाराचा झटका होता. वेळेत आणलं म्हणून वाचल्या, असं डॉक्टरीण म्हणाली. अर्धा तास त्या कोंडाळ्यात गेला होता हे मी तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी नवरा दवाखान्यात आला. आम्ही बाकावर बसलो होतो. सासूबाई त्याला बघून उभ्याही राहू शकल्या नाहीत. पुलाच्या मधल्या अडसरापाशी पलीकडच्या पहाऱ्यावर कोण भेटावं, तर त्याच्याच बसवरचा जुना कंडक्टर. घर पलीकडे म्हणून तो पलीकडचा झाला, गणवेश बदलला, इतकंच. त्यानं तिथूनच खाणीच्या गावच्या टपाल कचेरीत फोन लावला, आणि शिपायानं जाऊन नणंदेला बोलावून आणलं.

"गाव जागच्या जागी आहे," नवरा म्हणाला. "काहीही झालेलं नाही. ताई कपडे वाळत घालत होती. घाबरून धावत आली बिचारी. म्हणाली, आईला सांग, मी बरी आहे, पोरगं चालायला लागलंय. आणि म्हणाली, वर्षभरात एकदाही विचारावंसं वाटलं नाही का?"

"मग तुला आधी नाही का रे सुचलं हे, पुलावर जाऊन विचारायचं?" सासूबाई म्हणाल्या.

"तूच म्हणायचीस ना, घरात कळतंय तर बाहेर कशाला विचारायचं."

 लेक सुखरूप असल्याची बातमी कळल्यावर सासूबाई आनंदानं नाचतील असं मला वाटलं होतं. पण त्या आपले दोन्ही तळहात मांडीवर उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत बसल्या.  मग म्हणाल्या, "तिला सांगायला हवं."

मला भीती वाटली. वर्षभर फसवलंस म्हणून या तिला बोलतील, आणि त्या बाईला आत्ता ते सोसायचं नाही. मी बरोबरच आत गेले.

थोरली उशीला टेकून पडली होती. चष्म्याशिवाय तिचं तोंड उघडं उघडं दिसत होतं. सासूबाईंना बघताच तिनं विचारलं, "गाव?"

"ठीक आहे. सगळं ठीक आहे. काही झालंच नव्हतं."

"पण मला तर..." ती थांबली. "मग हे कुठलं होतं?"

"कुठलं नव्हतं गं. डॉक्टरीण म्हणते, तुझंच होतं."

 थोरलीनं एकेक विचारायला सुरुवात केली, स्वतःलाच विचारावं तसं. न्हाव्याचा भाऊ? पाववालीची आई? बंदर? प्रत्येक नावाला ती अंगावर त्या त्या जागी हात ठेवत होती आणि उचलत होती. शेवटी हात चादरीवर पडला. "म्हणजे मला कुणाचंच कळत नाही," ती म्हणाली. "केव्हापासून कळत नसेल? मी सगळ्यांना बरं आहे, बरं आहे म्हणून सांगत गेले. मी खोटं नव्हते गं बोलत."

टेबलाभोवती सह्या झाल्या तो दिवस मी पाहिला होता. त्या दिवशी देश मोडला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. माझ्या मते तो त्या खाटेवर मोडला, आमच्यासमोर. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या. "ते मरू दे," त्या म्हणाल्या. "आता दुखतंय का?"

"खाणीच्या..." थोरलीनं सवयीनं सुरुवात केली आणि थांबली. तिनं आपल्या छातीवर हात ठेवला. असं वाक्य आधी कधी न बोललेल्या माणसासारखी ती प्रत्येक शब्द जपून म्हणाली, "मला दुखतंय."

आणि ती रडायला लागली. लहान पोर पडल्यावर रडतं तसं, मोठ्यानं. आख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. सासूबाई तिचं डोकं पोटाशी धरून दाराकडे ओरडत होत्या, "अहो नर्सबाई, इकडे या! हिला दुखतंय! आमच्या हिला दुखतंय!"